फळी, यंत्र आणि उधारी

यंत्र आले की कारागीर बुडाला, ही हाकाटी आपल्याकडे जुनी आहे. हल्ली सुतारांच्या लहान कारखान्यांतूनही संगणकाच्या आज्ञेने चालणारा सी.एन.सी. राउटर दिसू लागल्याने ती पुन्हा कानी येते. आमचे मत निराळे आहे.

चिरलेले लाकूड वाळताना फळीला बाक येतो, पीळ पडतो. रुंद फळी रंध्याने सपाट करावयाची तर निष्णात हातालाही पुष्कळ वेळ लागतो. राउटरचे रुंद पाते एकाच पातळीत मागेपुढे फिरून, मिलिमीटरभर थर काढीत तेच काम लवकर उरकते. परंतु फळी ज्या पाटावर ठेवावयाची, तो पाट आधी त्याच पात्याने सपाट करावा लागतो. डुगडुगणाऱ्या कोपऱ्यांखाली पाचरी द्याव्या लागतात. फळी नुसतीच दाबून आवळली, तर यंत्रावर सपाट दिसते आणि सोडताच पुन्हा वाकते. हे ज्ञान सुताराचे आहे, यंत्राचे नव्हे.

ओलाव्याचे महत्त्व दाल बाजारातील व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा 12 टक्क्यांवर गेला की दर कापला जातो, 14 टक्क्यांवर गेला की माल परत जातो. घरातील सामानाच्या लाकडासही साधारणतः 8 ते 12 टक्केच ओलावा मानवतो. ओली फळी आज आरशासारखी सपाट केली, तरी ग्वाल्हेरच्या ज्येष्ठातील झळांनी ती आटणार आणि वाकणारच. लाकूड उघड्यावर वाळण्यास महिने लागतात. तो अवधी राउटरने वाचत नाही.

असे असता, गहू दातांखाली फोडून पारखणारा व्यापारीच दिवाळीपूर्वी आठ दिवसांत फडताळे मागतो, आणि काम उतरल्यावर सुताराचे पैसे महिनोन् महिने थकवितो, हे शोभत नाही. 2023 साली सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत सुतारास पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंत कर्ज विनातारण, 5 टक्के व्याजाने मिळू शकते. ते 18 महिन्यांत फेडावयाचे असते. त्याचा हप्ता आपल्या उधारीसाठी थांबत नाही.

म्हणून व्यापारी बंधूंना आमची विनंती आहे की, काम सांगताना रोख इसार द्यावा, म्हणजे सुतारास कोरडे लाकूड घेता येईल. पुरेशी मुदत द्यावी. आणि माल दुकानी पोचेल त्याच दिवशी बाकी चुकती करावी. कारागीर बुडालाच, तर तो यंत्राने नव्हे, थकलेल्या उधारीने बुडेल.