विश्लेषण : जुनी मोठी एसयूव्ही स्वस्त मिळते, पण का? कागलमध्ये सौदा करताना काय तपासायचं?

राष्ट्रीय महामार्ग ४८ वर कोल्हापूर सोडलं की साधारण वीस किलोमीटरवर कागल. पुढे दूधगंगा ओलांडली की कोगनोळी, म्हणजे कर्नाटक. महाराष्ट्राचं शेवटचं टोक असलेलं हे गाव साखर कारखान्यांसाठी, पंचतारांकित एमआयडीसीसाठी आणि राजकारणासाठी ओळखलं जातं. या तिन्ही ठिकाणी मोठ्या गाडीला मान आहे. नवी फॉर्च्युनर सगळ्यांच्या आवाक्यात नसते. मग ऊसबिल जमा झालं किंवा धंद्यात दोन पैसे सुटले की नजर वळते जुन्या गाडीकडे.

जुन्या बाजारात एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या भावात काही लाखांचा फरक दिसतो. स्वस्त गाडी पाहिली की 'इंजिन कसं आहे' हा प्रश्न पहिला येतो. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ही गाडी स्वस्त का आहे? कारण कागदातलं असेल तर त्यावर बहुतेक वेळा मार्ग निघतो. कारण लोखंडात आणि वायरिंगमध्ये असेल तर ते पुढची काही वर्षं खिसा रिकामा करत राहतं.

नव्या गाडीच्या किमतीचा काय संबंध?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर असा एकूण ५० टक्के कर होता. आता उपकर गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी लागतो. हिशोब सोपा आहे. करापूर्वी २० लाखांची असलेली गाडी आधी ३० लाखांना पडायची, आता ती २८ लाखांना पडते. यात रोड टॅक्स आणि विमा धरलेला नाही.

नवी गाडी उतरली की जुनीचाही भाव उतरायला हवा. विकणारा अजूनही जुन्या ऑन-रोड किमतीवरून घसारा मोजत असेल, तर तिथेच बोलणी सुरू करता येतात. आणखी एक गोष्ट : जुन्या गाड्यांवरचा १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकली तर तो लागत नाही.

दिल्ली पासिंगची गाडी एवढी स्वस्त का?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवायला बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असा नियम दिल्लीत लागू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, असं सांगितलं. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरतं ठेवलं.

या अनिश्चिततेमुळे चांगल्या अवस्थेतल्या डिझेल एसयूव्हीही दिल्लीवाले कमी भावात काढून टाकतात. महाराष्ट्रात दहा वर्षांची अशी सरसकट अट नाही. खासगी गाडीची नोंदणी इथे पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते.

म्हणजे इथे स्वस्ताईचं कारण नियमात आहे, गाडीत असेलच असं नाही. पण सौदा पक्का करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, दिल्लीच्या परिवहन विभागाची एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने मिळते आहे. दुसरी, कोल्हापूर आरटीओ त्या गाडीची नोंदणी करून घेईल का. हे एजंटकडून नव्हे, थेट कार्यालयातून विचारून घ्यावं. तिसरी, उरलेलं आयुष्य. २०१४ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२९ मध्येच संपतात. पुढे नूतनीकरणाचं शुल्क लागतं, ते वीस वर्षांनंतर दहा हजार रुपये आहे. शिवाय पर्यावरण कर वेगळा.

सीमेपलीकडची केए पासिंगची गाडी परवडते का?

निपाणी, चिक्कोडी, बेळगावची गाडी कागलकराला परकी वाटत नाही. नातीगोती, बाजारहाट दोन्हीकडे आहे. त्यामुळे 'केए-२३ आहे, राहू दे तशीच' असं म्हणून गाडी वर्षानुवर्षं फिरवली जाते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी हवी. महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीला तो किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वय धरून कमी होतो. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज आणि पाठपुरावा करावा लागतो.

म्हणून केए गाडीचा भाव एमएच-०९ च्या भावाशी थेट तोलू नये. सांगितलेल्या रकमेत टॅक्स, एनओसीचा खर्च आणि हेलपाटे मिळवले की खरी किंमत कळते. अनेकदा फरक पुसून जातो.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर जिल्ह्यात घरं, दुकानं आणि वाहनं पाण्यात गेली. दोन्ही वेळा पुणे-बंगळुरू महामार्गही बंद पडला होता. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून जास्त असेल, तर विमा कंपनी गाडीचं पूर्ण नुकसान धरते. अशी गाडी नेहमी भंगारातच जाते असं नाही. दुरुस्त होऊन, पॉलिश मारून ती पुन्हा बाजारात येऊ शकते.

आजच्या एसयूव्हीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे कंट्रोल युनिट आणि वायरिंगचे जोड असतात. पाणी शिरलं की ते हळूहळू गंजतात. बिघाड महिन्यांनी दिसतो आणि कधी एक, कधी दुसरा असा येत राहतो. ही खरी धोक्याची स्वस्ताई.

तपासायला गॅरेजच लागतं असं नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. चिखलाची रेघ तिथे राहते. मॅटखालचा गालिचा उचलून वास घ्यावा. सीटच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीची जागा आणि डॅशबोर्डखालचे जोड बॅटरीच्या उजेडात पाहावेत. आत अत्तराचा भडिमार असेल तर शंका घ्यावी. मग विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास मागावा.

मॉडेल कोणतं निवडायचं?

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. एंडेव्हर दणकट गाडी आहे आणि सर्व्हिस, सुटे भाग देत राहू असं कंपनीने सांगितलं होतं. तरी घेण्याआधी जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे, महागडा भाग किती दिवसांत येतो, हे फोन करून विचारावं. फॉर्च्युनर महाग पडते, पण पुढे विकताना गिऱ्हाईक मिळतं. स्कॉर्पिओ आणि सफारीचं काम माहीत असलेला फिटर गावागावात सापडतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. रोज कागल-कोल्हापूर हायवेने जाणाऱ्याला अडचण येत नाही. घर, शेत आणि चौक एवढ्यातच फिरणाऱ्याचा फिल्टर चोंदतो, आणि तो बदलणं महाग आहे. वापर असा असेल तर पेट्रोल गाडीचाही विचार करावा.

मीटर मागे फिरवलंय का, हे चकाकीवरून कळत नाही. चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मिळतात का पाहावं. प्रत्येक नोंदीतले किलोमीटर वाढत गेले पाहिजेत. क्लच, ब्रेकचे पेडल आणि स्टेअरिंगची झीज आकड्याशी जुळली पाहिजे.

पैसे कधी द्यायचे?

एमपरिवहन ॲपवर गाडी कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा, विमा आणि चलनं आधी पाहावीत. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट आहे ना, तेही पाहावं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन नाव लगेच चढवावं, विमाही आपल्या नावावर करावा.

नाव न चढवण्याचा धोका विकणाऱ्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात सांगितलं की गाडी हातोहात विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणजे कागलमध्ये विकलेल्या गाडीचा अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला, तरी नोटीस जुन्या मालकाच्या दारात येऊ शकते.

एवढं सगळं तपासायला तीन-चार दिवस लागतात. 'आज टोकन द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' असं म्हणत विकणारा तेवढेही थांबायला तयार नसेल, तर गाडी स्वस्त का आहे याचं उत्तर बहुतेक तिथेच मिळालेलं असतं.