कोऱ्याला सोवळे कशाला?

पश्चिम आफ्रिकेचे संगीत ऐकणाऱ्या आपल्याकडच्या मोजक्या रसिकांची एक ठरलेली कुरकुर असते. म्हणे पूर्वी हे लोक अस्सल वाजवीत. गिटार आली, ड्रम आले, विजेची यंत्रे आली आणि सगळे नासले.

या मंडळींनी एकदा मालीचा कोरा नीट पाहावा. (आपल्या कोऱ्या कागदाशी त्याचा संबंध नाही!) अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर ताणलेले गाईचे कातडे, लांब दांडा आणि २१ तारा. या तारा पूर्वी हरणाच्या कातड्याच्या असत. आज त्या मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. दांड्यावरची चामडी कडी सरकवून सूर लावीत. तिथे अनेकांनी गिटारच्या खुंट्या बसवल्या. ज्या 'प्राचीन' नादावर तुम्ही माना डोलावता, तो नायलॉनचा आहे महाराज!

आणि हा नाद कुणाचा? जेली घराण्यांचा. वंशावळी मुखोद्गत ठेवायच्या, बारशाला-लग्नाला गायचे आणि त्यावर पोट भरायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. यजमान बदलला की गाणे बदलणारच. तुमानी जाबातेंची 'काइरा' ही ध्वनिमुद्रिका १९८८ मध्ये आली. तीत एकटा कोरा खर्ज, साथ आणि आलापी तिन्ही सांभाळतो. त्याच वर्षी स्पेनच्या फ्लामेन्को वादकांबरोबरची त्यांची 'सोंघाई'ही आली. आता यातले खरे तुमानी कोणते, ते सोवळेवाल्यांनी सांगावे.

१९९३ मध्ये विश्वमोहन भट आणि अमेरिकेचे राय कूडर यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तिला ग्रॅमी मिळाले, तेव्हा आपली छाती फुगली. भटांची मोहनवीणा मुळात गिटारच, हे कुणाला खटकले नाही. त्याच कूडरांनी १९९४ मध्ये मालीच्या अली फार्का तुरेंबरोबर वाजवले, तर ती मात्र भेसळ?

परंपरा जशीच्या तशी पाळायची, तर सलीफ कैतांना तोंडच उघडता आले नसते. ते राजवंशातले, गाणे हे जेलींचे काम, राजपुत्राचे नव्हे. सोना जोबार्तेंनाही कोरा हाती धरता आला नसता, कारण तो पुरुषांचा. बासेकू कुयातेंनी तर न्गोनी हे बसून वाजवायचे वाद्य पट्टा लावून गळ्यात अडकवले, उभे राहिले आणि त्याला विजेची जोड दिली. इतकी वर्षे गायकाच्या मागे बसलेले वाद्य त्यामुळे पुढे आले. यात नेमके काय बुडाले?

शुद्धतेच्या भाषेत जरा जपून बोलावे. २०१२ मध्ये उत्तर मालीवर सशस्त्र धर्मांधांनी कब्जा केला आणि संगीतावर बंदी घातली. त्यांनीही शुद्धतेचेच नाव घेतले होते. वाद्य भोपळ्याचे की विजेचे, हे विचारले नाही. कलावंत दक्षिणेला पळाले. तिथे बामाकोत, घरदार सुटलेल्या काही तरुणांनी सोंघाय ब्लूज हा ताफा उभा केला. हाती घेतल्या त्या विजेच्या गिटारी, आणि गाणी मात्र आपल्या सोंघाय भाषेत.