डेअरीच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेणाची ओळ कुठे आहे?



या आठवड्याच्या व्हिडिओत २० गाईंच्या डेअरीचं गणित आपण घेतलं. वेळ कमी होता म्हणून एक विषय तिथे अर्धवट राहिला, तो इथे सविस्तर लिहितोय. विषय शेणाचा आहे. हसू नका. दूध धंद्यात उतरणाऱ्या नव्या माणसाला भाव पडल्यामुळे जेवढा त्रास होतो, तेवढाच त्रास गोठ्याच्या मागच्या बाजूने येऊ शकतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझं पशुखाद्याचं दुकान आहे. लोनसाठी बनवलेले प्रोजेक्ट रिपोर्ट लोक काउंटरवर आणून दाखवतात. त्यात गाईची किंमत, विमा, पेंड, मुरघास, मिल्किंग मशीन, मजूर, सगळं असतं. शेणाची ओळ मात्र उत्पन्नाच्या बाजूला असते. ‘शेणखत विक्री’ आणि पुढे एक गोल आकडा. खर्चाच्या बाजूला शेण नसतंच. ते शेण रोज कोण उचलणार, कुठे साठवणार, पावसाळ्याचे चार महिने कुठे ठेवणार, गोठा धुतलेलं पाणी कुठे जाणार, यातलं काहीच नाही. बँकवाले विचारत नाहीत, रिपोर्ट बनवणारा सांगत नाही.

आता हिशोब बघा. एक मोठं जनावर दिवसाला साधारण १५ ते २० किलो शेण टाकतं. २० जनावरं म्हणजे रोज ३०० ते ४०० किलो. वर्षाला शंभर टनांच्या वर. त्यात मूत्र वेगळं आणि गोठा धुण्याचं पाणी वेगळं. जनावरामागे १०० लिटर पाणी धरलं तरी रोज २,००० लिटर शेणपाणी तुमच्या दारातून बाहेर पडणार. ते उताराकडे जाणार, आणि उताराला आपल्याकडे बहुतेक वेळा ओढाच असतो.

इथे लगेच एक वाक्य ऐकू येतं: ‘अहो, शेण म्हणजे सोनं, त्याने कसलं प्रदूषण?’ शेतात सोनं, मान्य. पाण्यात नाही. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू त्या पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती वापरतात त्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलीग्रॅम असतो. गाईच्या कच्च्या स्लरीचा असतो १० ते २० हजार. म्हणजे गटाराच्या पाण्यापेक्षा किमान तीस पट जड माल आपण ‘नैसर्गिक आहे’ म्हणून ओढ्यात सोडतो. मासे मरतात ते मुख्यतः गुदमरून. आणि जे मुरतं ते विहिरीत जातं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. ती ओलांडली तर पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. धोका सगळ्यात जास्त वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला. ते विहिरीचं पाणी बहुतेक वेळा आपल्याच भावकीतलं कुणीतरी पितं, हे लक्षात घ्या.

जनावरं एका जागी गोळा झाली आणि आजूबाजूला शेत उरलं नाही की काय होतं, ते बघायचं असेल तर लुधियाना बघा. पंजाबसारखं शेतीचं राज्य. शहरात ताजपूर रोड आणि हैबोवाल अशा दोन मोठ्या डेअरी वसाहती. शेजारून बुड्ढा नाला वाहतो. आता सरकारी कागदावर त्याला ‘बुड्ढा दरिया’ म्हणतात, पण पाणी नाल्याचंच राहिलं. तो पुढे सतलजला मिळतो, आणि सतलजचं पाणी कालव्यांनी दक्षिण पंजाब आणि राजस्थानात पिण्यासाठी जातं. डाइंगचे कारखाने, शहराचं मैलापाणी आणि डेअऱ्यांचं शेण, असे तीन वाटेकरी या नाल्यात आहेत. हैबोवालला शेणावर वीज बनवणारा प्रकल्प वीस वर्षांपूर्वीच उभा राहिला. म्हणजे तंत्रज्ञान नव्हतं असं नाही. नाल्याच्या पुनरुज्जीवनासाठी सुमारे ६५० कोटींची योजना आली, डेअऱ्यांसाठी वेगळे ईटीपी बांधले. खासदार बलबीरसिंग सिचेवाल यांनी सफाईची कारसेवा सुरू केली. तरी डेअऱ्यांचं शेण हा वाद मिटत नाही. कारण साधं आहे. ईटीपी गोठा धुतलेल्या पाण्यासाठी असतो. शेण आधी उचलून बाजूला काढावं लागतं. उचलायला मजूर लागतो, ट्रॉली लागते, डिझेल लागतं. पाण्याच्या फवाऱ्याने ढकलून द्यायला काहीच लागत नाही. ज्याच्या रिपोर्टमध्ये मजुराची आणि ट्रॉलीची ओळ नाही, तो फवारा मारणारच.

आपल्याकडे तरी काय वेगळं? मुंबईतले तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९ साली आरे कॉलनी उभी राहिली. तेव्हा ते शहराबाहेर होतं. आता शहर तिच्या चारी बाजूंना आहे, आणि दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांच्या दुरवस्थेची चर्चा निघाली की मैलापाण्यासोबत तबेल्यांचं शेण येतंच. आज तुम्ही जी ‘गावाबाहेरची’ जागा बघताय तिथे दहा वर्षांनी प्लॉटिंग होणार आहे, एवढं धरून चाला.

आता कायद्याचं. पाणी प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा. आपलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्याही आधीचं, १९७० चं. नाल्यात किंवा विहिरीत घाण सोडायला कलम २४ मनाई करतं, संमती कलम २५ मध्ये येते, आणि कलम ३३-अ खाली मंडळ धंदा बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकतं. वीज तोडली तर बल्क कूलर बंद. कूलर बंद म्हणजे काय, ते दूधवाल्याला सांगायला नको.

बरीच वर्षं डेअऱ्यांकडे कुणी या नजरेने बघितलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रकरण गेलं, आणि जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंडळाने डेअरी फार्म आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डेअरी फार्म ऑरेंज गटात आले, गोशाळा ग्रीन गटात. वस्तीपासून २०० मीटर, शाळा-दवाखान्यापासून ५०० मीटर अशी अंतरं त्यात घातली होती. पुढच्याच वर्षी सुधारित सूचना आल्या. किती जनावरांपासून संमती लागते आणि अंतर किती ठेवायचं, हे असं बदलत असतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा धरू नका. जागेचा इसार देण्याआधी मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्ज द्या आणि आजचा नियम लेखी घ्या. ‘शेतीला जोडधंदा आहे, परवानगी लागत नाही’ असं सांगणारे खूप भेटतील. नोटीस मात्र त्यांच्या नावावर येत नाही.

दंडाचं गणित मी मुद्दाम कागदावर मांडतो, कारण ते बघितल्याशिवाय कुणी मनावर घेत नाही. केंद्रीय मंडळाचं पर्यावरण भरपाईचं सूत्र आहे. ऑरेंज गटाला ५० गुण, रुपयांचा घटक सर्वसाधारणपणे २५०, लहान धंद्याला अर्धा गुणक, लहान गावाला १. गुणाकार करा: दिवसाला ६,२५० रुपये. आणि सूत्रातून कमी आकडा आला तरी दिवसाला ५,००० पेक्षा खाली येत नाही. समजा तुमचं दूध १५० लिटर आणि भाव ३५. दिवसाचं अख्खं बिल ५,२५०. म्हणजे पेंड, चारा, मजूर काहीही न वजा करता आलेला सगळा पैसा दिला तरी दंड वर उरतो. ६० दिवस नियमभंग धरला तर ३ लाख ७५ हजार. मंडळाला अशी भरपाई लावायचा अधिकारच नाही, असा युक्तिवाद आजवर चालायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकार आहे असं स्पष्ट केलंय.

आता माझं मत सांगतो, काहींना आवडणार नाही. आपल्याकडची अंमलबजावणी तक्रारीवर चालते. मंडळाचा माणूस आपणहून तुमच्या गोठ्यावर येणं कठीण. तो येतो तो तक्रार झाल्यावर. आणि तक्रार कोण करतो? ज्याच्याशी बांधावरून वाद आहे तो. शेणाचा नियम हा भावकीचं हत्यार होतो. ज्याचं कुणाशी वाकडं नाही तो दहा वर्षं नाल्यात सोडतो, आणि ज्याचं वाकडं आहे त्याला पहिल्याच पावसात नोटीस. याला मी न्याय म्हणत नाही. आणि हेही खरं, की देशातल्या शहरांत रोज ७२ हजार दशलक्ष लिटरहून जास्त सांडपाणी तयार होतं आणि ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता त्याच्या निम्मीही नाही. हे केंद्रीय मंडळाचेच २०२०-२१ चे आकडे. नगरपालिका बिनधास्त सोडते आणि २० गाईवाल्याला कायदा, हा राग मला समजतो.

पण म्हणून ‘छोट्या डेअरीला सूट द्या’ ही मागणी मला पटत नाही. सूट मिळाली तरी विहीर सूट देत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अनुदानाच्या आणि बँक लोनच्या कागदपत्रांत शेण साठवण्याच्या पक्क्या खड्ड्याचा नकाशा आणि खर्च सक्तीचा करा. धंदा उभा राहतानाच खड्डा झाला तर तो लोनमध्ये बसतो. नोटीस आल्यावर करायला गेलात तर सावकार बघावा लागतो. मंडळानेही सुरुवातीलाच येऊन जागा बघावी. बंद करायला येण्यापेक्षा ते स्वस्त आहे, दोघांनाही.

‘बायोगॅस टाकू, प्रश्न मिटला’ म्हणणाऱ्यांसाठी थोडं. २५ किलो शेणातून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. ३५० किलोचे १४ घनमीटर, म्हणजे रोज सहा किलो एलपीजीच्या आसपास. चांगलं आहे, घर आणि मजुरांची चूल भागते. पण शेण गायब होत नाही. जेवढं आत घातलं जवळपास तेवढीच स्लरी बाहेर येते, आणि त्यातला नत्र तसाच असतो. ती स्लरी शेवटी शेतातच जायला हवी. शंभर-सव्वाशे टन ओलं शेण कुजून पन्नास-साठ टन खत झालं आणि उसाला हेक्टरी २५ टन टाकलं, तर पाच-सहा एकर लागतात. तुमच्याकडे एक एकर असेल तर उरलेल्या शेतांचा करार आधी करा. तोंडी नको. गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या झकारियापुरा गावात एनडीडीबीने हेच बसवलं. घरोघरी छोटे बायोगॅस, घरची गरज भागली की उरलेली स्लरी विकत घ्यायची, तिचं खत बनवून विकायचं. तिथे खरेदीदार आधी ठरला, हे महत्त्वाचं. छत्तीसगडमध्ये २०२० पासून सरकार दोन रुपये किलोने शेण घ्यायचं, तेव्हा त्यावर किती व्हिडिओ आले आठवतंय? सरकारी खरेदीवर धंद्याचा पाया घालू नका. नेदरलँड्समध्ये तर जमिनीच्या मानाने जनावरं इतकी झाली की शेतकरी शेण घेऊन जाणाऱ्याला पैसे मोजतो.

तर रिपोर्टमध्ये बदल करा. शेणखत विक्रीचा आकडा पहिल्या वर्षी शून्य धरा. खर्चात पक्का खड्डा, त्यावर पत्रा, शेणपाण्याची वेगळी टाकी, स्लरी पंप, उचलणाऱ्या मजुराचा पगार घाला. पावसाचं पाणी आणि गोठ्याचं पाणी यांचे मार्ग वेगळे ठेवा, नाहीतर जुलैमध्ये टाकी पाच दिवसांत भरेल. मुक्त गोठा केलात तर धुण्याचं पाणी बरंच कमी होतं, हा आणखी एक फायदा. हे सगळं घालूनही धंदा नफ्यात दिसत असेल तर खुशाल करा. तोट्यात दिसत असेल तर १० गाईंपासून सुरू करा.

आणि जागा बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जा. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठल्या बांधावरून उतरतं ते तेव्हाच दिसतं. सात-बारा मागता, तसा गावाच्या नळयोजनेची विहीर कुठल्या गटात आहे तेही ग्रामपंचायतीत विचारून या.