पेरलं एक, उगवलं भलतंच!

पेरावे तसे उगवते, असे वाडवडील सांगत आले. पण मंडळी, पिशवीवर एक वाण आणि शेतात दुसरेच, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांच्या गाठीशी आहे! कपाशीला बोंडं धरेपर्यंत काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली ठणकावून सांगितले. तरी दाद मागायला गेलं की पुरावा लागतोच. अहो, बी मातीत गेलं, आता नमुना आणायचा कुठून?

बी गेलं, पण पान आहे ना! बियाण्यात जो डीएनए असतो तोच झाडाच्या पानापानात असतो. कोवळे पान वाटून तो वेगळा काढायचा, त्यातल्या ठरावीक तुकड्यांच्या प्रती पीसीआर यंत्रात वाढवायच्या आणि उमटणारे पट्टे तपासायचे. खऱ्या संकरित रोपात नर आणि मादी अशा दोन्ही वाणांचे पट्टे दिसतात. एकट्या मादीचेच दिसले, तर संकर झालेलाच नाही. शेतात लावून पारख करायची तर अख्खा हंगाम जातो. हे काम काही दिवसांत होते.

ही यंत्रे महागडी. म्हणून विद्यापीठे सर्व विभागांसाठी मिळून एकच सामाईक प्रयोगशाळा उभारतात. पीसीआरच्या एका ताटलीत 96 खळगे असतात. एक भरा नाहीतर सगळे भरा, यंत्राला वेळ तेवढाच लागतो. म्हणजे ही सावडच झाली! एकट्याला न परवडणारी तपासणी गावाने मिळून केली तर आवाक्यात येते.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही कृषी विद्यापीठांकडे आमचे मागणे एवढेच: खरिपात शेतकऱ्यांच्या नमुन्यांसाठी दिवस राखून ठेवा आणि तपासणीचा दर तालुका कृषी कार्यालयाच्या फळ्यावर लावा. तक्रार निवारण समितीने पंचनामा करतानाच पाने मोहोरबंद करून पाठवावीत आणि तुलनेसाठी मूळ नर-मादी वाण कंपनीकडून मागवावेत.

मात्र एक गोष्ट आपणही मनाशी बांधली पाहिजे. बियाणे अस्सल निघाले, तर पावसाचं नि बोंडअळीचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. निकाल कुणाच्याही बाजूने लागो, तो मानायचा.

तोवर पावती, पिशवी आणि लेबल जपून ठेवा. आणि तक्रार करायची तर एकट्याने नको, चार जण मिळून करा.