त्यालाही सीटचा पट्टा हवा

संध्याकाळी नोएडातल्या कुठल्याही सिग्नलला थांबा. शेजारच्या गाडीच्या खिडकीतून एक डोकं हमखास बाहेर आलेलं असतं. कान वाऱ्यावर, जीभ लोंबतेय, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. मुलं हात हलवतात, आपणही हसतो.

आमचा ब्रूनोही असाच बसायचा. दोन वर्षांपूर्वी डीएनडीवर पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला, म्हणून मीही मारला. टक्कर झाली नाही. आम्हा तिघांना सीटबेल्ट होते, कोणाला खरचटलंही नाही. ब्रूनो मात्र मागून उडून पुढच्या दोन सीटच्या मधे आदळला आणि त्याचा पुढचा पाय मोडला. पायाला प्लास्टर आणि घरात सगळ्यांचे पडलेले चेहरे, असे सहा आठवडे गेले. चूक पूर्णपणे माझी होती, म्हणून आज हा विषय.

थोडा हिशेब करा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तरी आत मोकळा बसलेला जीव त्याच वेगाने पुढे जात राहतो. सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीला टेकताना एवढाच वेग असतो. ३० किलोचा लॅब्रेडोर या वेगाने पुढे बसलेल्या आजींच्या मानेवर आला तर? म्हणजे त्याला बांधायचं ते फक्त त्याच्यासाठी नाही.

बांधायचं कसं, इथे बरेच जण चुकतात. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून ती सीटला अडकवू नका. ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर येतो. छातीवरून जाणारा रुंद पट्ट्यांचा हार्नेस घ्या. त्याला अडकवायचा आखूड बेल्ट मिळतो, त्याचं दुसरं टोक सीटबेल्टच्या खाचेत बसतं. हार्नेस आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील एवढीच ढिलाई ठेवा. कुत्र्याला उठता, बसता, वळता आलं पाहिजे, पण पुढच्या सीटपर्यंत पोहोचता येता कामा नये. छोटं कुत्रं असेल तर कडक प्लास्टिकचा पिंजरा उत्तम, फक्त तोही नीट बांधलेला हवा.

जागा मागचीच. पुढे एअरबॅग उघडली तर माणसाला वाचवणारी तीच गोष्ट कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. आणि गाडी चालवणाऱ्याच्या मांडीवर तर मुळीच नको. चालकाच्या ताब्यात अडथळा येईल असं कोणालाही बसवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२५ ने मनाई आहे. खिडकीतून बाहेर डोकं काढायची हौसही आवरा. धूळ, खडे, किडे थेट डोळ्यांत जातात. शिवाय काचेच्या बटणावर त्याचाच पाय पडतो आणि काच वर सरकते. मागच्या काचांचं लॉक लावून टाका.

आता दार. रविवारी पराठे खायला मुरथलला जाता ना? तिथे हायवेला लागूनच पार्किंग, बाजूने ट्रक धावतायत. दोन तास कंटाळलेलं कुत्रं दार उघडताच सुटतं आणि आपण ‘अरे, अरे’ म्हणेपर्यंत रस्त्यावर पोहोचतं. म्हणून आधी साखळी हातात, मगच दार. हा नियम घरातल्या लहान मुलांनाही सांगून ठेवा, कारण दार बहुतेक वेळा तीच उघडतात. गळ्यात मोबाईल नंबर कोरलेला बिल्लाही असू द्या.

दिल्लीतला सर्वात मोठा धोका मात्र गाडी थांबलेली असतानाच असतो. ‘पाच मिनिटांत भाजी घेऊन येते’ असं म्हणून कुत्र्याला आत ठेवून गेलेले किती तरी जण मी मे महिन्यात पाहिले आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली, आणि काच थोडी उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्याकडे बाहेरच ४४ अंश असतात! कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. आतली हवाच तापली की धापा टाकूनही उपयोग नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं तर आणखी कठीण. एसी चालू ठेवून जाण्यावरही भरवसा नको, इंजिन बंद पडू शकतं. कोणीतरी आत बसा, नाहीतर त्याला घरीच राहू द्या.

तरीही कधी जोरजोरात धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणं असं दिसलं, तर लगेच सावलीत न्या. साधं गार पाणी अंगावर, पोटावर, पायांवर ओता आणि वारा घाला. बर्फाचं पाणी नको. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या आणि तडक डॉक्टरकडे निघा. वाटेतही अंग ओलं ठेवा.

स्कूटरवर पायाजवळ उभं केलेलं कुत्रं हे आपल्या गल्ल्यांतलं नेहमीचं दृश्य, पण त्याला सुरक्षित करण्याची युक्ती मला सापडलेली नाही. त्यापेक्षा चालत जा. मेट्रोत कुत्र्याला परवानगी नाही. सुट्टीत पुण्या-मुंबईला न्यायचं असेल तर रेल्वेत एसी फर्स्ट क्लासचा संपूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनच्या पेटीत एकट्याने जावं लागतं.

गाडी लागत असेल तर निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. माणसांच्या गोळ्या आपल्या मनाने तर अजिबात नकोत. हार्नेसची सवय आधी घरात लावा, मग बंद गाडीत, मग कॉलनीला एक चक्कर. ब्रूनोने पहिल्याच आठवड्यात एक बेल्ट चावून तोडला होता. तेव्हा एक जास्तीचा आणून ठेवा.