कॅबिनेटबरोबर आलेला फुकट एसएमपीएस

दिवाळीच्या वहीपूजनात चोपड्यांच्या शेजारी संगणकालाही कुंकू लागते, ही आता अनेक पेढ्यांवरची रीत झाली आहे. उधारीची येणी, मालाचा साठा, जीएसटीची विवरणे हे सारे त्या पेटीत असते. घरातील तरुण पिढी हा संगणक तयार न घेता सुटे भाग आणून स्वतः जोडू लागली आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालून प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी यांची निवड पुनःपुन्हा पारखून होते. मात्र या सर्वांना वीज पुरवणारा एसएमपीएस पुष्कळदा कॅबिनेटबरोबर फुकट येतो आणि त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. पोत्यात हात घालून नमुना पाहिल्याशिवाय जे धान्याचा सौदा करीत नाहीत, त्यांच्याच घरी हे घडावे, याचे नवल वाटते.

घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या स्थिर विजेत रूपांतर करणे, एवढेच एसएमपीएसचे काम. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक मुख्यतः १२ व्होल्टवर भागते. ठरलेल्या मानकानुसार हा दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आतच राहिला पाहिजे. हलक्या प्रतीच्या मालात भार वाढताच तो ढासळतो आणि संगणक कारणावाचून बंद पडू लागतो. दोष मात्र बिचाऱ्या रॅमवर किंवा विंडोजवर जातो. याहून वाईट प्रसंग म्हणजे एसएमपीएस निकामी होताना भलताच दाब पुढे सोडतो. मग मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही त्याच्याबरोबर जातात. मदरबोर्ड पुन्हा विकत मिळतो. डिस्कवरचे वर्षभराचे खाते मिळत नाही.

लेबलावरचा वॉटचा ठळक आकडा हा जामीनदाराने स्वतःच लिहून दिलेल्या मालमत्तेसारखा असतो. कर्ज देणारा त्यावर विसंबत नाही, हाताशी रोकड किती हे पाहतो. येथे रोकड म्हणजे लेबलावरील १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअर. त्याला १२ ने गुणावे. ‘४५० वॉट’ असे छापलेल्या पेटीवर १६ अँपिअर असतील, तर कामाचे वॉट १९२ च. उरलेले ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेले असतात आणि आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही. प्रामाणिक ४५० वॉटच्या मालावर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॉट दिसतात. काही ठिकाणी १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करू नये, खाली दिलेली एकत्रित मर्यादा पाहावी. आणि अँपिअरचा तक्ताच नसलेला एसएमपीएस दुकानात ठेवून यावा, हे उत्तम.

किती वॉट घ्यावेत? हिशेबाच्या साध्या संगणकाला, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर, एकूण १५० वॉटही क्वचितच लागतात. त्याला ४०० ते ४५० चा चांगला एसएमपीएस पुष्कळ झाला. मुलाला खेळांसाठी मध्यम ग्राफिक्स कार्ड हवे असेल तर ५५० पुरे. ७५० किंवा ८५० वॉट हे मोठ्या ग्राफिक्स कार्डांसाठीच. अपरिग्रहाचे व्रत जाणणाऱ्या घरात तरी विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडून दुप्पट क्षमता आणण्याचे कारण नाही.

‘८० प्लस’ या प्रमाणपत्राविषयी बराच गैरसमज आहे. २००४ पासून चालत आलेल्या या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा श्रेणी आहेत. पण त्या केवळ वीज किती वाया जाते हे सांगतात. संरक्षण किंवा टिकाऊपणा नव्हे. ब्राँझ आणि गोल्ड यांच्यात साधारण ५ टक्क्यांचे अंतर असते. १०० वॉट वापरणारा पेढीवरचा संगणक रोज १० तास, वर्षात ३०० दिवस चालला तर बचत सुमारे २० युनिट होते. युनिटचा दर १० रुपये धरल्यास वर्षाला २०० रुपये. गोल्डसाठी २,००० रुपये अधिक मोजले तर ते वसूल होण्यास दहा वर्षे लागतील. तेव्हा पेढीसाठी नामवंत कंपनीचा ब्राँझ पुरेसा आहे. पैसे अधिक घालायचेच असतील तर ते हमीच्या वर्षांवर घालावेत. एक वर्षाची हमी देणारा आणि पाच किंवा सात वर्षांची देणारा, यांतून उत्पादकाचा स्वतःच्या मालावरचा विश्वास कळतो. जास्त दाब, जास्त प्रवाह आणि शॉर्ट सर्किट यांपासून संरक्षण असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि १०५ अंशांचे कपॅसिटर, एवढे तपासून जीएसटीचे पक्के बिल घ्यावे.

वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात यूपीएसने भार उचलला पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरवर ‘यूपीएस मोड’चे वेगळे बटण असते ते यासाठीच. चौकोनी लहर देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर काही चांगले एसएमपीएसही कुरकुरतात. साइन वेव्हचा असल्यास हा प्रश्न उरत नाही.

एसएमपीएस बदलताना जुन्याच्या सुट्या होणाऱ्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. टोक बसते, पण आतील तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असतो आणि डिस्क क्षणात जळते. धूळ काढण्यासाठी त्याचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक भार काही काळ राहू शकतो. कॅबिनेटच्या मागील रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी झाकाव्यात. उबेसाठी मुंग्या, पाली आत शिरतात. त्यांचा जीव जातो आणि यंत्रही.

जुन्या वाड्यांत आणि बाजारपेठेतील दुकानांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग असतेच असे नाही. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर एसएमपीएस बदलण्यापूर्वी वायरमनला बोलावून ते तपासून घ्यावे.