पुणेकरहो, अपघाताची जागा लिहून द्या
नागरिकांना जाहीर आवाहन





आपल्या भागात माणसे नेमकी कुठे पडतात, हे आपल्याला ठाऊक असते. डांबराचे थरावर थर चढले आणि चेंबरचे झाकण चार बोटे खालीच राहिले, तिथे दुचाकी हमखास हिसका खाते. पहिल्या पावसात ऑइल आणि माती एक होऊन एखादे वळण निसरडे होते. शाळा सुटते तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि मुले दप्तरे सावरत भर रस्त्यातून चालतात. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा, रिक्षा स्टँडवर विचारा. "इथे रोज कुणीतरी आपटते," हे ते बोट दाखवून सांगतील.

सगळ्यांना माहीत असलेली ही गोष्ट कागदावर मात्र कुठेच नसते. ती कागदावर आणावी, योग्य टेबलावर पोहोचवावी आणि काम होईपर्यंत तिचा पिच्छा सोडू नये, यासाठी हे आवाहन आहे.

एखादा थोडक्यात वाचला की आपण म्हणतो, वेळ आली होती पण काळ आला नव्हता. एखादा गेला की म्हणतो, आयुष्याची दोरी तेवढीच होती. घरच्यांचे सांत्वन करताना हे बोलणे समजू शकते. पण एवढ्यावर थांबलो तर रस्त्याची चूक, वेगाची चूक, अंधाराची चूक तशीच राहते आणि पुढच्या माणसाची वाट पाहते.

देशाचे आकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली. त्यांत दुचाकीवरचे सुमारे 44 टक्के आणि पायी चालणारे साडेएकोणीस टक्के होते. हेल्मेट नसलेले 50 हजारांहून अधिक दुचाकीस्वार आणि सहप्रवासी त्या वर्षी मृत्युमुखी पडले. दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेगाची नोंद आहे. पुणे हे दुचाकीचे शहर आहे आणि चालणाऱ्यांचेही. त्यामुळे हे आकडे आपल्याच घरांतले आहेत.

हे थांबवता येते, याला पुरावा आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे जुलै 2024 नंतर सलग एक वर्ष रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. तिथल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 30 किलोमीटर आहे. पदपथ सुधारले, चौकांची रचना बदलली, वेगावर कॅमेऱ्यांची नजर ठेवली आणि हे काम वर्षानुवर्षे सोडले नाही. इतक्या लांबचे उदाहरण नको असेल तर आपला पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग घ्या. 2016 मध्ये तिथे दीडशेच्या आसपास बळी गेले होते. त्यानंतर धोक्याची एकेक जागा हुडकून कठडे, फलक, दुभाजक दुरुस्त केले, गस्त वाढवली, जखमींपर्यंत मदत लवकर पोहोचेल अशी सोय केली. पुढच्या काही वर्षांत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली. दोन्हीकडे माणसे तीच होती, चुकाही करतच होती. चूक झाली तरी जीव जाणार नाही, असा रस्ता तयार केला गेला.

म्हणून पहिली विनंती.

१. आपल्या भागाची धोक्याची यादी करा.
सोसायटीचे पाच-सहा सभासद, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला बचत गट, कुणीही पुढाकार घ्या. येत्या रविवारी सकाळी आपल्या परिसरात पायी फिरा. सोबत एखादे आजोबा असू द्या आणि शाळेत जाणारे एखादे मूल असू द्या. आपण सहज ओलांडतो तो उंच पदपथ आजोबांना चढवत नाही. आपल्याला दिसते ती वळणावरची गाडी मुलाला दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर उभ्या मोटारीचा दरवाजा असतो.

प्रत्येक जागेचा फोटो काढा. जवळचे दुकान किंवा इमारत लिहा, नेमका धोका काय आणि तो कोणत्या वेळी वाढतो ते लिहा. "रस्ता खराब आहे" असे लिहून भागत नाही. "अमुक शाळेच्या फाटकापासून डावीकडे तिसऱ्या विजेच्या खांबाजवळ चेंबर खचले आहे, खांबावरचा दिवा बंद आहे, संध्याकाळी सातनंतर दुचाकी घसरतात" असे लिहिले की अभियंत्याला जागा सापडते आणि टाळाटाळीला जागा उरत नाही.

२. यादी लेखी द्या आणि पोच घ्या.
महापालिकेच्या पीएमसी केअरवर तक्रार जरूर नोंदवा, पण सामूहिक अर्ज क्षेत्रीय कार्यालयात प्रत्यक्ष द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. सिग्नल, झेब्रा क्रॉसिंग किंवा एकेरी वाहतुकीचा प्रश्न असेल तर एक प्रत वाहतूक पोलिसांना द्या. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचे काय झाले ते विचारा. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची पद्धत ठेवली आहे. त्या अर्जांत बाकडी आणि नामफलक यांच्या आधी पदपथ, दिवे आणि रस्ता ओलांडण्याची सोय मागा.

लेखी नोंदीला आणखी एक महत्त्व आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. धोका आधीच कळवला होता, हे अशा वेळी कागदाने सिद्ध होते.

३. हेल्मेट घाला आणि पट्टा लावा.
हेल्मेटसक्तीवर या शहरात खूप वाद झाले, मोर्चे निघाले. सक्ती बाजूला ठेवा आणि डोक्याचा विचार करा. आरशाला लटकवलेले किंवा कोपरात अडकवलेले हेल्मेट घसरताना उपयोगाला येत नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट तर डोके आपटण्याआधीच उडून जाते. मागे बसणाऱ्यालाही तेवढेच जोरात लागते, म्हणून घरात दोन हेल्मेटे ठेवा. आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या. "इथे कोपऱ्यावरच तर जायचे आहे" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

४. गल्लीत आणि शाळेजवळ ताशी 30 च्या वर जाऊ नका.
कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने चाललेले वाहन, चालकाला भान येण्याचा क्षण धरूनही, साधारण 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 ला त्याच्या दुपटीहून अधिक अंतर लागते. चेंडूमागे धावत आलेले मूल दहा-पंधरा मीटरवर असेल, तर या फरकावर त्याचे आयुष्य ठरते. राँग साइडने वाचवलेली दोन मिनिटे, कट मारून मिळवलेली पुढची जागा यांची किंमत समोरचा माणूस मोजतो.

अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती गाडीची किल्ली देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार दिल्यावर काय घडले, ते आपण विसरलेलो नाही. दोन तरुण जीव गेले.

५. पावसाळ्यात वीज, पाणी आणि वरून कोसळणाऱ्या गोष्टींवर लक्ष ठेवा.
जुलै 2024 च्या पुरात डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पाणी शिरायच्या आधी मेन स्विच बंद करणे, पाण्यात उभ्या असलेल्या खांबाला, पेटीला किंवा लोखंडी गाडीला हात न लावणे, हे नदीकाठच्या प्रत्येक वस्तीत घरोघर सांगितले गेले पाहिजे. ऑक्टोबर 2018 मध्ये जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला आणि चौघांचा बळी गेला. गंजलेले होर्डिंग, वाळलेली फांदी, तडे गेलेला वाडा दिसला तर तोही आपल्या यादीत लिहा.

पावसाळा संपल्यावर, संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजा घरात येऊ देऊ नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. तो विकणारे दुकान दिसले तर पोलिसांना कळवा. दुचाकीवरच्या माणसाचा गळा कापायला एक धागा पुरतो.

६. घरातले पडणेही थांबवा.
जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात आणि त्यांत ज्येष्ठ सर्वाधिक असतात. आजीचे खुब्याचे हाड अनेकदा रात्री, बाथरूमच्या ओल्या फरशीवर मोडते. तिथे हाताला धरायला दांडी बसवा, खडबडीत रबरी चटई टाका, वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा, सुळसुळीत पायपुसणे उचलून टाका. खर्च काही हजारांच्या आत होतो. लहान मुले असलेल्या घरात पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवू नका आणि गॅलरीच्या कठड्याजवळ स्टूल किंवा खुर्ची राहू देऊ नका.

७. जखमीला मदत करायला घाबरू नका.
पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने अजूनही गर्दी जमते आणि हात कुणी लावत नाही. कायदा आता मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली आणि मोटार वाहन कायद्यातील कलम 134अ मध्ये चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. रुग्णालय तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही, जखमीच्या उपचाराचे पैसे तुमच्याकडे मागू शकत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही हेही तुम्हीच ठरवता. मे 2025 पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोखरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे.

108 किंवा 112 ला फोन करा. अपघाताची जागा नीट सांगा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मान-पाठीला मार असेल तर वाहन पेटण्यासारखा धोका नसताना जखमीला ओढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. फोटो काढणाऱ्यांना बाजूला करून रुग्णवाहिकेला वाट द्या.

महापालिका आणि पोलिसांकडेही आमचे मागणे आहे. खोदाई झाली की रस्ता पूर्ववत झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नका. प्राणघातक अपघाताच्या जागी पथ विभागाचा अभियंता आणि वाहतूक पोलीस यांनी एकत्र पाहणी करावी आणि काय बदलणार ते नागरिकांना जाहीर सांगावे. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी चालणाऱ्याला मिळणारा मान उरलेले 364 दिवस प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक उपनगरात मिळावा. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ होऊ शकतात, तर शाळा आणि दवाखान्यांच्या रस्त्यांवरही होऊ शकतात.

या शहरात मंडळे आहेत, संघ आहेत, सोसायट्या आहेत. दहा दिवसांच्या उत्सवाची तयारी तीन-तीन महिने करणारे कार्यकर्ते गल्लोगल्ली आहेत. तीच शिस्त आणि तीच चिकाटी वर्षातून चार रविवार या कामाला द्या. उन्हाळा संपण्यापूर्वी एक फेरी, पावसाळ्यात एक, दिवाळीनंतर एक, संक्रांतीआधी एक. प्रत्येक फेरीत मागची यादी सोबत घ्या, झालेल्या कामावर खूण करा आणि राहिलेल्या कामाचा अर्ज पुन्हा द्या. काम झाले तर करणाऱ्या अभियंत्याचे आणि कामगारांचे नाव घेऊन जाहीर आभार माना.

पहिला अर्ज या महिन्यातच जाऊ द्या. पाच जागा लिहा. त्यांतली एक जरी दुरुस्त झाली, तरी तिथे पडणारी माणसे पडायची थांबतील. ती कोण असतील हे आपल्याला कधी कळणार नाही, आणि ती सुखरूप घरी पोहोचावीत यासाठी ते कळायची गरजही नाही.

आपला नम्र,
एक पुणेकर नागरिक